उभा गोखरू

सोलापूरच्या माणसाला सराटा शिकवावा लागत नाही. लहानपणी एकदा अनवाणी माळावर गेला की तो आपोआप शिकतो. मुरमाड रान, गावाबाहेरचं क्रिकेटचं मैदान, रेल्वे रुळांच्या कडेची मोकळी जागा, शेताचा बांध. जिथे जमीन हलकी आणि डोक्यावर सावली नाही, तिथे मृगाचा पाऊस होऊन गेला की सराटा जमिनीला अंग चिकटवून चहूबाजूंनी पसरतो. आषाढीला पालख्या जिल्ह्यात शिरतात तेव्हा त्याच्यावर नखाएवढी पिवळी फुलं असतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कार्तिकीला तीच माणसं पुन्हा येतात तेव्हा काटे वाळून टणक झालेले असतात. पंढरपुरात भीमेच्या वाळवंटाच्या वरच्या अंगाला, एका हातानं शेजाऱ्याचा खांदा धरून दुसऱ्या हातानं तळव्यातला सराटा उपटणारा वारकरी त्या दिवसांत हमखास दिसतो. तोंडात पांडुरंगाचंच नाव असतं, फक्त स्वर निराळा असतो.

इतक्या जुन्या ओळखीमुळे सराट्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं. वाकून पाहिलं तर तो भलताच हिशेबी निघतो. त्याची पानं समोरासमोर येतात, प्रत्येक पान बारीक पर्णिकांच्या जोड्यांचं. पण समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं आणि एक धाकटं असतं, आणि पुढच्या पेरावर धाकट्याची बाजू बदलते. फुलात पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. फळ पिकलं की त्याच्या पाच फाका सुट्या होतात. एकेका फाकेला दोन लांब काटे आणि दोन आखूड. फाक कशीही पडो, एखादं टोक वर राहतंच. आपण पायात घेऊन घरी येतो ती अशी एक फाक. तिच्या टणक कवचात एकाहून जास्त बिया असतात. लिनियसनं १७५३ मध्ये याला ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस म्हटलं. आपल्या वैद्यकात हाच गोक्षुर, म्हणजे गोखरू. दशमुळांपैकी लघुपंचमुळात शालपर्णी, पृश्निपर्णी, बृहती, कंटकारी यांच्या पंगतीला बसणारा.

सासऱ्यांना मूतखड्याचा त्रास होता आणि त्यांच्या वैद्यांनी इतर औषधांबरोबर गोखरूचा काढा सांगितला होता, म्हणून मी बाजारातल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “छोटं पाहिजे का मोठं?” मी म्हणालो, गोखरू म्हणजे गोखरू. तो म्हणाला, “मग मोठंच घ्या की मालक, साफ असतंय. छोट्यात माती लई येतीया.” आणि त्यानं वाटीभर फळं कागदावर ओतली.

ती सराट्याची नव्हती. दीडेक सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, वजनाला हलकी. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला रुंद, अंगाला चार बोथट धारा, आणि रुंद बाजूला चारही धारांवर एकेक आडवा काटा. उलटसुलट करून पाहिलं तरी पाचाचं काही चिन्ह दिसेना. सराटा पाचाचा हिशेब सोडत नाही. चार धारांचं, न फुटणारं, अखंड फळ त्याचं असणं शक्यच नव्हतं. काढ्यासाठी छोटं घेतलं, आणि हे मोठं निव्वळ स्वतःसाठी मूठभर घेऊन आलो.

आपल्याकडे तिसरा गोखरूही आहे, कंबर तलावाच्या काठी वाटेल तेवढा. काहीजण त्याला शंकेश्वर म्हणतात, काहीजण लांडगा. त्याच्या बोंडावर सगळीकडे आकडे असतात आणि टोकाला दोन चोची. तो सूर्यफुलाच्या कुळातला, मूळचा अमेरिकेचा, आणि पँटला चिकटून घरात येणारा. हे फळ त्याचंही नव्हतं. फोनला फोटो दाखवला तर त्यानं तत्परतेनं तीन नावं सुचवली. त्यात एक लवंग होतं. फोनचा तसा दोष नाही. वाळक्या फळावरून झाड ओळखायला सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट हातात देऊन बाकीची मागण्यासारखंच. पण फोननं बरोबर नाव सांगितलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो, हेही खरं.

पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं काढला. अजूनही आपल्या भागातलं रोप हातात घेऊन बसलेला माणूस कधी ना कधी त्याच्याकडे वळतो. अशा ग्रंथांत ओळखीसाठी ‘किल्ली’ असते. पान साधं की संयुक्त? पाकळ्या सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर किती? दरवेळी दोनच रस्ते; एक धरायचा, दुसरा सोडायचा. ज्यांना कोर्टात उलटतपासणी ऐकायला आवडते त्यांनी एकदा ही किल्ली चालवून पाहावी. नाव अगदी शेवटी येतं. तोवर आपण त्या झाडाबद्दल इतकं काही पाहिलेलं असतं की नावाची उत्सुकता थोडी ओसरलेलीच असते. सोलापूरचंच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये ‘क्रायनम सोलापुरेंस’ नावाची कांद्याच्या जातीची एक नवी वनस्पती शास्त्राच्या दफ्तरात दाखल झाली. आपल्या जिल्ह्याचं नाव तिला मिळालं याचा मला कोण अभिमान. पण तिला नवी म्हणता आलं ते, ही अमकी नव्हे, तमकीही नव्हे, असं आधी एकेकीबद्दल खात्रीनं सांगता आलं म्हणून.

माझ्या फळाचं नाव निघालं पेडालियम म्युरेक्स. संस्कृतात बृहत् गोक्षुर, आपल्याकडे मोठं गोखरू. वर्षायू, म्हणजे एका पावसाळ्यात उगवून, फळून संपणारं. समुद्रकाठच्या वाळूत आवडीनं राहणारं. दक्षिणेत, विशेषतः सिद्ध वैद्यकात, त्याला स्वतःचा मान आहे. अडचण फक्त बाजारातली: धाकट्याच्या चिठ्ठीवर थोरला दिला जातो. फळ मोठं, वेचायला सोपं, निवडायला सोपं, हाताला टोचतंही कमी. दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. त्यानं मला ‘छोटं का मोठं’ विचारलं होतं. उत्तर देण्याइतकी माहिती गिऱ्हाइकाला असावी लागते.

ती माहिती जुन्या ग्रंथांत आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी डॉक्टर. टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी ‘इंदिरा’ हे मराठी काव्य रचलं, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. आणि मेजर बसूंबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, हे वनस्पतींच्या अभ्यासकांना. हे दोघे एकच, हे फार थोड्यांना. ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादहून निघाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. त्यांच्याही मागे जायचं तर ‘होर्तुस मलाबारिकुस’ आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड यानं करवून घेतलेल्या या बारा खंडी ग्रंथात मोठं गोखरू आपल्या मल्याळी नावानं, काक्कामुळ्ळु म्हणून, हजर आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, ॲमस्टरडॅम, १६७८, एक पान देवनागरीत आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये आपल्या सहीनिशी दिलेला तो दाखला: या झाडांची माहिती आम्ही आमच्या ग्रंथांवरून आणि अनुभवावरून पारखून दिली आहे, अशा अर्थाचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. रायगडावर राज्याची घडी बसत असताना तिकडे कोचीनला तिघे जण पानं चुरगाळून वास घेत बसले होते, हे मला फार आवडतं.

पण फळ, नाव आणि पुस्तकं एवढं जमवूनही झाड पाहिलेलं नव्हतं. ते काळ्या मातीच्या माणसाला घरबसल्या दिसणार नव्हतं.

पावसाळा सरता सरता आम्ही सौराष्ट्रात गेलो, ते अर्थात देवदर्शनाला. सोमनाथ आणि द्वारका करताना पोरबंदरच्या अलीकडे माधवपूर लागतं. कृष्ण आणि रुक्मिणीचं लग्न इथे लागलं अशी तिथली श्रद्धा. रामनवमीला सुरू होणारी जत्रा त्या लग्नाचीच. आमच्या सौभाग्यवती पंढरपूर तालुक्यातल्या. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली आणि तिची समजूत काढायला देव द्वारकेहून मागोमाग आला, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. “म्हणजे रुसायच्या आधीचं गाव हे,” असं म्हणून त्या देवळाकडे गेल्या. मी रस्त्याच्या पलीकडे उतरलो. तिथे रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूखेरीज काही नाही.

पाण्याच्या बाजूला मर्यादवेल होती. तिची दुभंगलेली पानं आणि जांभळट फुलं कोकणात पाहिलेली, तेव्हा तिथे थांबण्याचं कारण नव्हतं. तिच्या मागे, जिथे वाळू जराशी बसलेली होती आणि भरतीचं पाणी पोचत नव्हतं, तिथे वीतभर ते फूटभर उंचीची, बुंध्यापासून फांद्या फुटलेली रसदार झुडपं उभी होती. खालच्या फांद्यांच्या पानांच्या बगलेत हिरवी फळं. चार धारा, चार काटे. शेजारीच, अक्षरशः हातभर अंतरावर, वाळूला चिकटून आपला सराटाही होता. माळावरचा तोच, तसाच, एवढ्या लांब येऊनही वागण्यात फरक नाही.

चहाच्या टपरीवरचा माणूस माझं वाळूत गुडघे टेकून चाललेलं काम बराच वेळ बघत होता. जवळ येऊन त्यानं एकाकडे बोट दाखवलं, “आ उभा गोखरू,” मग दुसऱ्याकडे, “आ बेठा गोखरू.” किल्लीनं मला अर्ध्या संध्याकाळी जिथे पोचवलं असतं, तिथे हा मनुष्य एका वाक्यात पोचला होता. एक उभा राहतो, एक बसतो. लांबून, चालत्या गाडीतून, चष्मा नसतानाही सांगता येईल अशी खूण.

तरी उभ्याचं सगळं क्रमानं पाहिलं. पान एकसंध, सराट्यासारखं चिरलेलं नाही. लंबगोल, जाडसर, कडा ओबडधोबड दातेरी. खालची बाजू भिंगाखाली पांढुरक्या बारीक कण्यांनी भरलेली. त्या ग्रंथी, झाडाचं सगळं गुपित त्यांतच. फूल लिंबासारखं पिवळं, बगलेत एकेकटं, खाली नळी आणि वर पाच पाळ्या. नळी उकलली तर आत चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. फुलाच्या देठाच्या तळाशी काळपट ठिपक्याएवढ्या गाठी. चुरगाळल्यावर येणारा वास उग्र. रंगभट आणि मंडळींनी नाक मुरडलं असेल. एक रोप मुळासकट काढलं: सरळसोट मूळ, बुंध्याशी मागच्या वर्षीच्या जुन्या लाकडाचा थोटूक कुठेही नाही. शेजारी मात्र गतसालच्या रोपांचे करडे सांगाडे वाळूत अर्धे पुरलेले, त्यांच्या सांध्यांत अजून फळं धरलेली. वर्षायू म्हणतात ते असं डोळ्यांना दिसलं की पुस्तकातला शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

मग टपरीवाल्याकडून काचेचा ग्लास आणि थंड पाणी मागून घेतलं. पानांसकट एक डहाळी पाण्यात बुडवून घोळायला सुरुवात केली. आधी काहीच होईना. मिनिटभरानं हात जड पडू लागला. ग्लास तिरका केला तर पाणी सांडेना. कच्च्या अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा जसा ओघळतो तसं ते एकगठ्ठा कडेपर्यंत आलं, लोंबलं आणि परत आत गेलं. रंग नाही, चव जवळजवळ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या औषधी ग्रंथांनी हे लिहून ठेवलं आहे, आणि त्याबरोबर एक बाजारी माहितीही: पाणी घातलेलं ताक दाट दिसावं म्हणून ताकवाले हीच डहाळी त्यात फिरवत. गंमत अशी की हा दाटपणा टिकत नाही. काही तास गेले की पाणी पुन्हा पाण्यासारखं. म्हणजे ताक सकाळीच खपवावं लागत असणार. टपरीवाल्यानं ग्लास हातात घेतला, हलवला, आणि आमच्या सौभाग्यवती आल्यावर त्यांना दाखवायला स्वतःच पुढे झाला.

पानाच्या मागच्या कण्या पाणी लागलं की असा चिकट रस सोडतात. वाळूत पाऊस थांबत नाही, क्षणात खाली उतरतो. अशा जागी राहणाऱ्या झाडानं पाणी धरून ठेवायची काहीतरी युक्ती अंगात बाळगावी, हे सयुक्तिक वाटतं. बाजारातली वाळकी फळं भिजत घातली तर तीही पाणी बुळबुळीत करतात, पण ताज्या पानाची सर नाही. सराट्याला हे मुळीच जमत नाही. त्यामुळे काढ्याच्या पुडीत काय आलं आहे याची शंका असेल तर एवढी परीक्षा घरच्या घरी होण्यासारखी आहे.

लिनियसनं १७५९ मध्ये याच्या नावात म्युरेक्स घातलं ते एका काटेरी शंखावरून. त्या जातीच्या शंखातल्या गोगलगाईंपासूनच भूमध्य समुद्रावरचे लोक राजवस्त्रांचा जांभळा रंग काढत. सोमनाथला शंख विकणाऱ्यांच्या पाटीत असे काटेरी शंख असतात. एक घेऊन फळाशेजारी धरला. साम्य आहे, थोडं मनानं घालावं लागतं.

एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून सोलापूरला आणली. आमच्या शेजारच्या अक्का पूर्व भागातल्या, विड्या वळतात, माहेर चिराल्याचं, आंध्रातलं समुद्राजवळचं विणकरांचं गाव. गच्चीवर कागद बदलत होतो, त्यांनी वाकून पाहिलं. “हे कुठनं आणलाव वो? एनुगु पल्लेरु हाय की हे.” पल्लेरु म्हणजे सराटा, एनुगु म्हणजे हत्ती. कानडीतही हा हत्तीचाच सराटा, तमिळमध्येही. अक्का म्हणाल्या, लहानपणी ह्याची काडी पाण्यात घोळून आम्ही धाकट्या भावाला प्यायला द्यायचो, आणि तो ओरडत आईकडे पळायचा. मी जे भिंग, किल्ली आणि दोन रेल्वे बदलून मिळवलं होतं ते त्यांच्याकडे भावाच्या खोडीसकट साठवलेलं होतं. सोलापुरात कितीतरी वर्षं राहून ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला इथे ते झाडच नाही.

आणि तरीही त्याचं गणगोत इथे आहे. पेडालियमचं कूळ ते तिळाचं कूळ. ज्यानं गड्ड्याच्या जत्रेत तीळगूळ वाटला आहे त्याला ही बातमी महत्त्वाची वाटायला हवी. कुकच्या काळी वाघनखीही याच कुळात धरत. काळ्या, आकडेबाज फळांचं ते अमेरिकन रोप आपल्या उकिरड्यांवर असतं. पुढे तिचं बिऱ्हाड वेगळं झालं. तीळ मात्र पक्का सख्खा. तिळाची पानं पाण्यात चोळली तरी पाणी बुळबुळीत होतं, हे खेड्यातल्या बायकांना माहीत असतं.

म्हणून एका सकाळी वैरागच्या रस्त्याला एका तिळाच्या रानात शिरलो, अर्थात मालकाला विचारून. तीळ अशा वेळी पाहावा जेव्हा खाली बोंडं पिकायला लागलेली असतात आणि शेंड्याला अजून फुलं असतात. दोन्ही एकाच ताटावर सापडतात. फूल पांढरट, जांभळी झाक असलेलं. रंग निराळा, पण तीच नळी, त्याच पाच पाळ्या. उकललं. चार पुंकेसर, दोन लांब, दोन आखूड. देठाच्या तळाशी पिवळ्या बारीक गाठी, अगदी त्याच जागी. पानाची खालची बाजू भिंगाखाली धरली आणि वेळेचं भान राहिलं नाही.

फरक फळात. माधवपूरचं फळ काही केल्या उघडत नाही, अख्खंच्या अख्खं काट्यांसकट कुणाच्या तरी पायाला लागून जायची वाट पाहतं. तिळाचं बोंड वाळलं की वरून तडकतं आणि धक्का लागायचा अवकाश, दाणे मातीत. शेतकऱ्याची सगळी सुगी त्या तडकण्याच्या आधीच्या चारदोन दिवसांत असते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. रानात उभं राहून मी एक ताट जवळ ओढत होतो.

“काय बघायचं ते बघा, मास्तर,” बांधावरून मालक ओरडले, “पण हलवू नका. दाणं गळत्यात.”